सूर्य मावळायच्या आत

बायबलमधल्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, मजुरीचा एक नियम आहे. रोजंदारीवर आलेला माणूस आपल्यातला असो की परमुलखातला, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातावर ठेवायची. कारणही तिथेच दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे. त्याच अध्यायात गहाणाचेही नियम आहेत. जाते किंवा जात्याची तळी गहाण ठेवून घ्यायची नाही, कारण त्यावर घरातल्यांचे पोट असते. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर संध्याकाळी परत करायचे. सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे आणि तो जे आणून देईल ते घ्यायचे. पुढे कित्येक शतकांनी इफिसकरांना पत्र लिहिताना पौलाने रागालाही हीच मुदत घालून दिली.

मला हे नियम लहानपणी कुणी शिकवले नाहीत. आमच्या संडे स्कूलमध्ये तेविसावे स्तोत्र पाठ करून घेत, योहानाच्या तिसऱ्या अध्यायातले सोळावे वचन घोकून घेत, आणि ते चांगलेच झाले. पण जात्याची तळी आमच्यापर्यंत पोचली नाही. नगर जिल्ह्यातल्या ज्या घरांतून आम्ही आलो त्या घरांच्या दोन-तीन पिढ्या मजुरीवर आणि उसनवारीवर जगल्या. त्यांना हा अध्याय सगळ्यात आधी शिकवायला हवा होता.

हे नियम कोणाला उद्देशून आहेत ते पाहा. मजुराला कुठेही सांगितलेले नाही की बाबा, धीर धर, उद्या मिळतील. सगळे सांगणे पैसे ज्याच्या हातात आहेत त्याला आहे. पांघरूण ज्याच्या घरात पडून आहे त्याला आहे. रोजच्या जगण्यातल्या हालअपेष्टांबद्दल बायबल जे शिकवते त्याचा मोठा भाग हाल सोसणाऱ्यासाठी लिहिलेलाच नाही. तो त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, आणि त्या शेजाऱ्याला संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. आपण हे उलटे करून ठेवले आहे. ज्याच्यावर संकट आले त्यालाच आपण वचने ऐकवतो, आणि ज्याला काही करता येण्यासारखे आहे तो प्रार्थना करून घरी जातो.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मंडळीतली माणसे भेटायला येत. मायेनेच येत. कॉटशेजारी बसून देवाची योजना आपल्याला कळत नसते असे सांगत, परीक्षा विश्वासणाऱ्याचीच होते असे सांगत. वडील डोळे मिटून घेत. एक बाई मात्र यायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या, कोपऱ्यातले मळलेल्या कपड्यांचे बोचके उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घड्या घालून आणून द्यायच्या. त्यांनी एकही वचन म्हटल्याचे मला आठवत नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे मी लक्षपूर्वक वाचला तेव्हा मला त्याच आठवल्या. उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसते ‘सुखाने जा’ म्हणण्याने काय साधते, असे याकोब तिथे सरळ विचारतो.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट याच दुखण्याची आहे. एलीफज, बिल्दद आणि सोफर आपल्या गावांहून निघून ईयोबाकडे आले, त्याची दशा पाहून त्यांनी अंगावरची वस्त्रे फाडली आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. इतक्यावर थांबले असते तर त्यांच्यासारखे मित्र नाहीत असेच कोणीही म्हटले असते. मग ते बोलू लागले. देव न्यायी आहे, पापाशिवाय शिक्षा होत नाही, पश्चात्ताप कर म्हणजे सगळे परत मिळेल. यातले एकेक वाक्य सुटे काढले तर आजच्या कुठल्याही प्रार्थनासभेत खपून जाईल. पण पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे तो एलीफजला सुनावतो. आणि ईयोब काय बोलला होता? जन्माचा दिवस शापला होता, देवाने समोर येऊन जाब द्यावा म्हणून हट्ट धरला होता. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना देवाने खोटे ठरवले आणि भांडणाऱ्याला खरे ठरवले, ही गोष्ट आपल्या उपदेशांत फार क्वचित येते.

दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे आक्रोशाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी आशेचा सूर लागतो, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तोही नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांनी ते गाळले नाही, शेवटी दोन दिलाशाच्या ओळी जोडल्या नाहीत. म्हणजे ज्याला आज उजेड दिसत नाही त्यानेही देवळात उभे राहून तसेच म्हणावे याची सोय शास्त्रातच केलेली आहे. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडले ते आपण ऐकत आलो आहोत, आणि नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे लिहून ठेवले. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांची भजने आजही आमच्या उपासनेत टाळ-तबल्यावर म्हटली जातात. पण पुलावरून येताना भांडणाचा तो हक्क आपण पलीकडच्या काठालाच ठेवून आलो की काय, असे मला पुष्कळदा वाटते. आमच्याकडे साक्ष द्यायला उभा राहतो तो संकट सरल्यावर. संकटात असताना, काहीच सुटलेले नसताना उभे राहून बोलण्याची रीत नाही.

या बाबतीत मला सगळ्यात जवळची वाटते ती एलीयाची गोष्ट. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा. ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिल्याबरोबर तो पळत सुटतो, गड्याला बैर-शेब्यात सोडतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे असे देवाला म्हणतो. मग त्याला झोप लागते. यापुढे जे घडते त्यात एक शब्दही बोधाचा नाही. दूत त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. मरण मागणाऱ्या माणसाला देवाने आधी दोन वेळा जेवू घातले आणि झोपू दिले. तू इथे काय करतोस हा प्रश्न त्याला विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराशी पोचल्यावर.

आमच्या घराघरांत असा एकेक एलीया आहे. मनाने खचलेला, रात्र-रात्र जागा, कामावर जायचे नाव काढले की अंगावर काटा येणारा. त्याला विश्वास कमी पडतोय असे ऐकवले जाते. त्याच्यासाठी उपास धरले जातात, आणि कधी कधी डॉक्टरच्या गोळ्या बंद करण्याचा सल्लाही दिला जातो. मला याचा संताप येतो. ज्याला आपण शुभवर्तमानकार म्हणून मानतो त्या लूकाला पौल प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. इलाज सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. आणि स्वतःच्या शरीरातला तो काटा काढून टाक म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली तरी काटा राहिलाच. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोण धजावेल?

केडगावला पंडिता रमाबाईंनी जे उभे केले ते मी या एलीयाच्या गोष्टीशेजारी ठेवते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मोडलेल्या मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. पुढे गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि मुक्ती सदनात दीड-दोन हजार जीव राहू लागले. शाळा होती, हातमाग होते, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय होती. प्रार्थना तर तिथे अहोरात्र चाले. पण त्या प्रार्थनेच्या पोटात विहीर होती हे विसरून चालणार नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला समजेल अशा मराठीत संबंध बायबल त्यांनी आणले. ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ज्या मुलींना त्यांनी मरणातून उचलून आणले होते त्यांच्यातल्या कितीएकींनी त्या बायबलचे खिळे जुळवले. धर्मशास्त्र आणि रोजचे जगणे यांची इतकी घट्ट गाठ मराठीत दुसरीकडे कुठे बसलेली मी पाहिलेली नाही.

बायांच्या संदर्भात एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती इथेच सांगते. शब्बाथाच्या आज्ञेत विसावा कोणाकोणाला द्यायचा याची यादीच आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका. आमच्या घरांत रविवार हा बाईचा सगळ्यात जड दिवस असतो. पहाटे उठून सगळ्यांची आवरासावर, उपासना, मग मटणाचा स्वयंपाक, पाहुणे, संध्याकाळी पुन्हा प्रार्थनासभा आणि तिचा चहा. बैलाला सुटी आहे, तिला नाही. वर मार्था आणि मरीयेची गोष्ट तिलाच ऐकवली जाते : मार्थेसारखी कामात गुंतू नकोस, मरीयेसारखी प्रभूच्या चरणी बस. मार्थेची तक्रार काय होती? बहिणीने माझ्या एकटीवर काम टाकले आहे. प्रभूने मार्थेला पुन्हा चुलीकडे पाठवले नाही, तिचे चित्त कशाकशात विखुरले आहे ते तिला सांगितले. आज त्या गोष्टीवरचा उपदेश ऐकून पुरुष उठून भांडी घासायला लागले तर ती गोष्ट खरी समजली असे मी म्हणेन.

रागाची मुदत तर सगळ्यात अवघड. आमच्याकडे भाऊबंदकीत सूर्य कित्येक वर्षे मावळतच राहतो. बांधावरून, वाटणीवरून, आईच्या सोन्यावरून सख्खे भाऊ एकाच देवळात दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि प्रभुभोजन घेतात. वसईकडच्या मित्रमैत्रिणींशी बोलताना तिथलीही तीच कथा ऐकते. जमिनीला भाव आले आणि वाड्या-वाड्यांत दावे उभे राहिले. लूकाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू नकार देतो. मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमले, असे विचारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. पण मत्तयात त्याचीच दुसरी शिकवण आहे : वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. वाटणी किती, कोणाची, हे कोर्टाने ठरवावे. पण उपासना मधेच सोडून भावाच्या दारात जाण्याचे काम कोर्ट करू शकत नाही. आणि इथेही आज्ञा कोणाला आहे? ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला. ज्याचे दुखावले गेले त्याने आधी क्षमा करावी, असे तिथे म्हटलेले नाही.

वसईचे नाव निघाले म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, 2020 मध्ये धाराशिवला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईच्या सामान्य माणसाला ते आठवतात हरित वसईच्या चळवळीसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेले. पाण्याच्या प्रश्नाला त्यांनी श्रद्धेबाहेरचा विषय मानले नाही, आणि त्यासाठी शिव्या, धमक्याही सोसल्या.

सगळ्यात शेवटी मला बोलायचे आहे ते कर्जाबद्दल, कारण हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमच्या भागातली गावे रिकामी होत असतील. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, बीडकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला. हंगामभर तोडून ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा गाडी. यांत सगळ्या जाती-धर्मांची माणसे आहेत, आमचीही आहेत. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातली माणसे वेगळी नव्हती. दुष्काळात धान्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले होते, राजाचा कर भरायला कर्ज काढले होते, पोरीबाळी दास्यात गेल्या होत्या. सावकार परके नव्हते, आपलेच ज्ञातिबांधव होते. नहेम्याने सगळ्यांना सभेत उभे केले आणि शेते, मळे, घरे, घेतलेला शेकडा एक वाढावा आजच्या आज परत करा असे सांगितले. मीही पैसे आणि धान्य कर्जाऊ दिले आहे, आपण हे व्याज सोडून देऊ, असे म्हणून त्याने स्वतःलाही त्यात धरले. अधिकारी म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही.

आपल्याकडे यासाठी देहूचे उदाहरण आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी वाडवडिलांच्या सावकारीची कर्जखते भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. स्वतः उपाशी असलेल्या माणसाने दुसऱ्याचे कर्ज बुडवले! दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगणारा अनुवादाचा पंधरावा अध्याय तुकोबांनी वाचला असण्याचे कारण नाही, पण तो इतक्या अक्षरशः पाळलेला मला इतरत्र क्वचितच दिसतो.

आमच्या मंडळ्यांमध्ये कापणीचा सण होतो. लोक ज्वारी, बाजरी, कोंबड्या, पपया, पापड आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकेका नारळाला कौतुकाने चढी बोली लागते. माझे म्हणणे असे आहे की त्या लिलावातल्या पैशांतून दर वर्षी मंडळीतल्या किंवा गावातल्या एका कोयत्याची उचल फेडावी. छताच्या रंगाचे पुढच्या वर्षी पाहू. मी हे बोलून दाखवले तेव्हा अडचणी पुढे आल्या, आणि त्या खोट्या नाहीत. कुणाची फेडायची हे कोण ठरवणार? एकाची फेडली की दहा जण उभे राहतील. फेडली आणि त्याने पुन्हा उचल घेतली तर? अमक्याच्याच नात्यातल्याची का फेडली? या शेवटच्या प्रश्नात जुनी जातही बोलत असते. मंडळीत आलो तरी सोयरिकीच्या वेळी ती विचारली जातेच, आणि सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देऊ नका ही याकोबाची ताकीद आम्हालाही लागू आहे.

असल्या अडचणी बायबलला अनपेक्षित नाहीत. सातवे वर्ष जवळ आले, आता दिलेले बुडणार, म्हणून हात आखडू नकोस, असे अनुवादाचा तोच पंधरावा अध्याय बजावतो. माणूस कुठे कच खाईल हे त्या नियमाला माहीत होते. तरी लोकांनी कच खाल्लीच. येशूच्या आदल्या पिढीत हिल्लेल नावाच्या थोर गुरूला दिसले की कर्ज बुडेल या भीतीने गरिबाला कोणी काही देतच नाही. म्हणून त्याने प्रोझबुल नावाचा दस्तऐवज काढला. त्यामुळे येणे न्यायसभेच्या हवाली होई आणि सातव्या वर्षानंतरही ते वसूल करता येई. त्याचा हेतू गरिबाला कर्ज मिळत राहावे हाच होता आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या दस्तऐवजाबरोबर सातव्या वर्षाची माफी कागदावरच राहिली. आमच्या पंचकमिटीच्या बैठकीत कोण ठरवणार, कसे ठरवणार यावर चर्चा लांबत जाते, तेव्हा मला प्रोझबुल आठवतो. ज्याची उचल फेडायची त्याचे नाव पाळकांनी आणि मंडळीतल्या बायांनी मिळून ठरवावे. कोणाच्या घरात जात्याची तळी गहाण पडली आहे हे बायांना आधी कळते. रक्कम मुकादमाच्या हातात पावती घेऊन द्यावी, आणि गाडी निघायच्या आधी द्यावी. कार्तिकात दिली तर उपयोग आहे, नाताळात नाही.